मक्तब, मदरसा आणि 'शाळाबाह्य' मूल: खान्देशातील दीनी तालीमची (धार्मिक शिक्षणाची) पार्श्वभूमी

खान्देशातल्या बहुतेक मुस्लिम घरांत मुलांची तालीम दोन ठिकाणी चालते. फजरनंतर (पहाटेच्या नमाजनंतर) किंवा असरनंतर (दुपार उलटल्यावरच्या नमाजनंतर) मशिदीतलं मक्तब, म्हणजे धार्मिक शिक्षणाचा रोजचा छोटा वर्ग, आणि मधल्या वेळात उर्दू, मराठी नाहीतर इंग्रजी शाळा. मक्तबात आधी कायदा (अरबी अक्षरओळखीचं पुस्तक), मग नाझरा कुराण (पाहून वाचणं), सोबत नमाज आणि दुआ. मूल सात वर्षांचं झालं की नमाजला लावा, ही हदीस (पैगंबरांचं वचन) पालकांना ठाऊक असते. त्यामुळे शाळा आणि मक्तब साधारण बरोबरीनेच सुरू होतात. खरी ओढाताण होते ती पोराला हाफिज, म्हणजे पूर्ण कुराण पाठ असलेला, करायचं ठरलं की. कुराणाचे तीस पारे (भाग) पाठ करण्यात काही वर्षं जातात आणि ती नेमकी पाचवी ते आठवीच्या वयातली असतात.

फारुकी सुलतानांनी इथे १६०१ पर्यंत राज्य केलं, पण आजची व्यवस्था तिथून आलेली नाही. उत्तर प्रदेशातल्या देवबंदला १८६६ मध्ये सुरू झालेला, लोकवर्गणीवर चालणारा मदरसा (पूर्णवेळ धार्मिक शाळा) हा तिचा नमुना. सातपुड्याच्या पायथ्याच्या अक्कलकुव्यात सत्तरच्या दशकाअखेरीस मदरसा उभा राहिला आणि पुढे त्याच संस्थेने फार्मसी, अभियांत्रिकीचे वर्गही काढले. रावेर-यावलच्या तडवी (मुस्लिम भिल्ल) वस्त्यांचं चित्र वेगळं: तिथे घरची भाषा उर्दू नाही, म्हणून दीनियातही (धर्माचे प्राथमिक धडे) मराठीतून समजावावं लागतं.

या सगळ्याला वादाचं वळण दिलं ते जुलै २०१५ च्या निर्णयाने. गणित, विज्ञान, इंग्रजी, समाजशास्त्र न शिकवणाऱ्या मदरशांतली मुलं 'शाळाबाह्य' धरायची, असं राज्य सरकारने ठरवलं. ४ जुलैला राज्यभर शाळाबाह्य मुलांची एकदिवसीय पाहणी होती, त्याच्या तोंडावरच हे जाहीर झालं. अल्पसंख्याक खातं तेव्हा खान्देशातल्याच मंत्र्याकडे होतं. सरकारचं म्हणणं, मुलं मुख्य प्रवाहात यावीत आणि हे विषय शिकवणाऱ्या मदरशांना अनुदान मिळावं. विरोधकांनी बोट ठेवलं कायद्यावर. शिक्षण हक्क कायद्यातून मदरसे आणि वैदिक पाठशाळा २०१२ च्या दुरुस्तीने वगळल्या होत्या. मग कायदा ज्यांना लागूच नाही, त्यांना शाळाबाह्य म्हणायचं कशाच्या आधारावर?

दोन्ही बाजूंना थोडं थोडं खरं सापडतं. नुसतं हिफ्ज (कुराण पाठ) करून निघालेल्या मुलाला दहावीला बसताना दमछाक होते, हे मौलानाही मान्य करतात. पण चर्चेत मक्तब आणि मदरसा यांची सरमिसळ झाली, ती जास्त बोचली. देशभरात शाळेच्या वयातली जेमतेम तीन-चार टक्के मुस्लिम मुलं पूर्णवेळ मदरशात जातात, हे केंद्राच्या समितीने २००६ मध्येच नोंदवलं होतं. मक्तबची मुलं तर शाळेच्या पटावर असतातच. तरी त्या पावसाळ्यात पोराला मक्तबला धाडावं की नाही, असं पालक विचारू लागले.

नंतरचे बदल गाजावाजा न होता आले. २०२० च्या टाळेबंदीत मशिदी बंद झाल्या आणि सबक (रोजचा धडा) मोबाइलवर सुरू झाला. काही घरांत तो तिथेच राहिला. पालकांच्या तक्रारीत आता शाळेपेक्षा मोबाइलचंच नाव आधी येतं, त्यातल्या रील्समुळे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मदरशांत आधुनिक विषय शिकवणाऱ्या डी.एड. शिक्षकांचं मानधन ६,००० वरून १६,००० आणि बी.एड. शिक्षकांचं ८,००० वरून १८,००० रुपये झालं. मक्तबच्या हाफिजसाबांचा पगार मात्र आजही जमातीच्या (मशिदीशी जोडलेल्या लोकांच्या) वर्गणीतून निघतो.