एचएसएच्या पैशांतून ऑनलाइन स्वस्त औषधं: पात्रता, कागदपत्रं आणि नेमकं कुठे अडतं

अमेरिकेत जास्त डिडक्टिबलचा, म्हणजे विमा कंपनी पैसे द्यायला लागण्याआधी दरवर्षी ठरावीक मोठी रक्कम स्वतः भरायची असा, आरोग्य विमा घेतलेल्यांना जानेवारीत औषधांच्या काउंटरवर धक्का बसतो. डिसेंबरपर्यंत थोडक्यात मिळणाऱ्या बीपीच्या किंवा थायरॉइडच्या गोळ्यांचे एकदम पूर्ण पैसे मागतात, कारण डिडक्टिबल पुन्हा शून्यापासून सुरू झालेलं असतं. मग ऑनलाइन शोधाशोध होते, सवलतीची किंमत सापडते आणि औषधोपचारासाठी करमुक्त पैसे साठवायच्या हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंटचं, म्हणजे एचएसएचं, कार्ड वापरलं जातं. कार्ड चालतं, पार्सल घरी येतं, विषय संपला असं वाटतं.

विषय तिथे संपत नाही. कार्ड चाललं म्हणजे खर्च मंजूर झाला, असा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. एचएसएमध्ये मंजुरी कुणीच देत नाही. बँक फक्त पैसे सोडते. खर्च नियमात बसतो की नाही हे तुम्ही स्वतः ठरवायचं, टॅक्स रिटर्नसोबतच्या फॉर्म ८८८९ वर तसं लिहून द्यायचं, आणि आयआरएसने, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याने, विचारलं तर कागद दाखवायचे. कागद नसतील तर त्या रकमेवर इन्कम टॅक्स आणि वर २० टक्के दंड. वय ६५ झाल्यावर दंड सुटतो, टॅक्स सुटत नाही.

खातं कोणाला उघडता येतं

२०२६ साठी डिडक्टिबल एकट्यासाठी किमान १,७०० डॉलर, कुटुंबासाठी किमान ३,४०० डॉलर हवं. शिवाय प्लॅन एचएसएला चालणारा हवा. नुसतं डिडक्टिबल मोठं असून भागत नाही, प्लॅनच्या कागदावर तसा स्पष्ट उल्लेख शोधा. २०२६ पासून सरकारी मार्केटप्लेसवरचे, म्हणजे सरकारच्या विमा-बाजारातले, ब्राँझ आणि कॅटॅस्ट्रॉफिक हे कमी हप्त्याचे प्लॅनही चालतात. वर्षभरात एकट्याला ४,४०० आणि कुटुंबाला ८,७५० डॉलर भरता येतात. पंचावन्न पूर्ण झालेल्यांना आणखी १,०००. मर्यादेपेक्षा जास्त भरलेली रक्कम वेळेत काढली नाही, तर दरवर्षी ६ टक्के कर लागत राहतो.

सगळ्यात जास्त घोटाळा जोडीदाराच्या एफएसएमुळे, म्हणजे कंपनीमार्फत करमुक्त पैसे बाजूला ठेवायच्या फ्लेक्सिबल स्पेंडिंग अकाउंटमुळे, होतो. नवऱ्याच्या कंपनीत एचएसए, बायकोच्या कंपनीत साधं आरोग्याचं एफएसए, असं सर्रास दिसतं. बायकोच्या एफएसएमधून नवऱ्याचाही औषधोपचार करता येतो, म्हणून नियमाच्या दृष्टीने नवऱ्याला ‘दुसरं संरक्षण’ आहे आणि तो एचएसएत पैसे भरायला अपात्र ठरतो. त्याच्यासाठी त्यातला एक डॉलरही वापरला नाही, या युक्तिवादाचा उपयोग होत नाही. ओपन एन्‍रोलमेंटच्या वेळी, म्हणजे वर्षातून एकदा विमा निवडायच्या काळात, दोघांनी आपापले फॉर्म एकत्र बसून भरावेत, ही कळकळीची विनंती. फक्त दात आणि डोळ्यांसाठीचं मर्यादित एफएसए चालतं. मुलांच्या पाळणाघरासाठीचं डिपेन्डन्ट केअर एफएसए हा वेगळा प्रकार आहे, त्याने काही बिघडत नाही.

दुसरी अडचण पासष्टीनंतर नोकरी चालू ठेवणाऱ्यांची. मेडिकेअर, म्हणजे पासष्टीनंतरचा सरकारी विमा, सुरू झालं की एचएसएत भरणा बंद, हे बहुतेकांना माहीत असतं. पण पासष्टीनंतर उशिरा नोंदणी केली तर मेडिकेअर पार्ट ए, म्हणजे त्यातला हॉस्पिटलचा भाग, सहा महिन्यांपर्यंत मागच्या तारखेने लागू होतं, हे सांगायला कुणी येत नाही. त्या महिन्यांतला भरणा मग जादा ठरतो. निवृत्तीची तारीख ठरली असेल तर सहा महिने आधीच भरणा थांबवा.

खातं उघडायला सोशल सिक्युरिटी क्रमांक, जन्मतारीख आणि राहता पत्ता लागतो. आपल्याकडे अडतं ते नावापाशी. पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं, सोशल सिक्युरिटी कार्डावर ते गायब, कंपनीच्या नोंदीत तिसरंच. अशा वेळी ओळख पटत नाही म्हणून खातं अर्धवट लटकतं आणि ईमेल स्पॅममध्ये जातं. सोशल सिक्युरिटी कार्डावर आहे तसंच नाव, अक्षर न अक्षर, द्या.

तारीख चुकते ती इथे

विमा १ जानेवारीला सुरू झाला म्हणून खातंही त्या दिवशी सुरू झालं, असं होत नाही. खातं प्रत्यक्ष स्थापन झाल्यानंतरचाच खर्च त्यातून करता येतो. खातं मार्चमध्ये उघडलं आणि औषधं फेब्रुवारीत घेतली, तर ती पावती एचएसएसाठी कायमची बाद. बहुतेक ठिकाणी खात्यात पैसे पडेपर्यंत ते स्थापन झालं असं धरतच नाहीत. म्हणून प्लॅन सुरू होताच खातं उघडा आणि थोडी का होईना, रक्कम टाका.

उलट बाजूची भीती मात्र अनाठायी आहे. ३१ डिसेंबरपर्यंत पैसे संपवा, नाहीतर बुडतील, हा नियम एफएसएचा. एचएसएचे पैसे बुडत नाहीत, नोकरी सोडली तरी खातं तुमचंच राहतं. त्या भीतीपोटी डिसेंबरात नको ती खरेदी करणारे लोक पाहून वाईट वाटतं. वर्षाचा भरणाही पुढच्या वर्षीच्या १५ एप्रिलपर्यंत करता येतो. रिटर्नला मुदतवाढ घेतली तरी भरण्याची तारीख पुढे जात नाही.

कोणाची औषधं चालतात

तुमची, जोडीदाराची आणि टॅक्सच्या नियमांनी तुमच्यावर अवलंबून असलेल्यांची. जोडीदार तुमच्या विम्यावर नसला तरी चालतं. मुलांच्या बाबतीत गंमत नाही, खरी अडचण आहे: मूल सव्विसाव्या वर्षापर्यंत तुमच्या विम्यावर राहू शकतं, पण कमावतं झाल्यामुळे टॅक्समध्ये अवलंबून धरता येत नसेल तर त्याची औषधं तुमच्या एचएसएतून घेता येत नाहीत.

आईवडिलांचा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. ते पुण्यात किंवा सांगलीत राहत असतील तर उत्तर साधारणपणे ‘नाही’, तुम्ही त्यांचा सगळा खर्च करत असलात तरीही. अवलंबून धरण्यासाठी ती व्यक्ती अमेरिकेची नागरिक किंवा टॅक्सच्या दृष्टीने रहिवासी, नाहीतर कॅनडा-मेक्सिकोत राहणारी असावी लागते. व्हिजिटर व्हिसावर काही महिने आलेले आईबाबा साधारणपणे यात बसत नाहीत. ग्रीन कार्डावर इथे राहणारे आणि ज्यांचा निम्म्याहून जास्त खर्च तुम्ही करता, असे आईबाबा बसू शकतात. त्यांना स्वतःचं उत्पन्न थोडं जास्त असलं तरी एचएसएपुरतं ते आड येत नाही.

ऑनलाइन खरेदी: स्वस्त कशामुळे, हे आधी बघा

सवलतीच्या कूपनने किंवा कॉस्ट प्लस ड्रग्जसारख्या दुकानातून रोखीच्या भावाने घेतलेलं औषध विम्याच्या हिशेबाबाहेरचं असतं. कॉस्ट प्लस खरेदी किमतीवर १५ टक्के लावून फार्मसीचं काम आणि पाठवणी वेगळी घेतं, त्यामुळे काही जेनेरिक गोळ्या विम्याच्या भावापेक्षाही स्वस्त पडतात. एचएसएतून पैसे देता येतात, सवलतीच्या कार्डामुळे तुमची पात्रताही जात नाही. पण कूपन आणि विमा एकाच खरेदीला लावता येत नाहीत, आणि दिलेले पैसे आपोआप डिडक्टिबलमध्ये धरले जात नाहीत. वर्षात ऑपरेशन किंवा बाळंतपण ठरलेलं असेल आणि डिडक्टिबल संपणारच असेल, तर महिन्याला वाचलेल्या आठ-दहा डॉलरांचा फार उपयोग नाही. एरवी निरोगी असाल तर रोखीचा भावच बरा. मधुमेह, बीपी, कोलेस्टेरॉल असणाऱ्यांनी विमा कंपनीला आधी एक प्रश्न विचारावा: माझं औषध प्रतिबंधक औषधांच्या यादीत आहे का? इन्सुलिन, स्टॅटिन (कोलेस्टेरॉलवरच्या गोळ्या) यांसारखी औषधं डिडक्टिबल संपायच्या आधीही विम्यातून देण्याची मुभा प्लॅनला आहे.

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. परदेशातून मागवलेलं प्रिस्क्रिप्शनचं औषध एचएसएत चालत नाही. भारतातून कुरिअरने आलेली गोळी असो की ‘कॅनडाची फार्मसी’ म्हणवणारं संकेतस्थळ असो. कायदेशीरपणे आयात झालेलं औषधच धरता येतं आणि स्वतःसाठी औषध आयात करणं बहुतेक वेळा बेकायदेशीर असतं. गोळी तीच, कंपनी तीच, हे आयआरएसला सांगून उपयोग नाही. मात्र सुटीत नाशिकला गेलात, आजारी पडलात, डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध तिथेच घेतलं आणि तिथेच खाल्लं, तर ते दोन्ही देशांत कायदेशीर असल्यास चालतं. मेडिकलमधून रुग्णाचं नाव घातलेलं पक्कं बिल मागा, प्रिस्क्रिप्शनचा फोटो काढा, त्या दिवसाचा डॉलरचा दर लिहून ठेवा.

संकेतस्थळ खरं आहे का, हे पाहायला दोन खुणा पुरतात: प्रिस्क्रिप्शनशिवाय प्रिस्क्रिप्शनचं औषध देत असेल तर दूर राहा, आणि तुमच्या राज्याच्या फार्मसी बोर्डाच्या परवान्यात नाव सापडतं का ते तपासा.

ताप, सर्दी, ॲसिडिटीची साधी औषधं २०२० पासून प्रिस्क्रिप्शनशिवायही चालतात. व्हिटॅमिन, च्यवनप्राश, त्रिफळा, अश्वगंधा नाही. डॉक्टरांनी निदान केलेल्या विशिष्ट आजारावर उपचार म्हणून सांगितलं असेल तरच, आणि तसं पत्र जवळ हवं. वजन कमी करण्याच्या इंजेक्शनांचंही तसंच: लठ्ठपणा किंवा दुसऱ्या आजाराचं निदान कागदावर हवं, नुसतं बारीक व्हायचंय म्हणून नाही.

जो कागद कुणाकडेच नसतो

कार्डाचं स्टेटमेंट हा पुरावा नाही. त्यावर दुकान आणि रक्कम दिसते, औषध दिसत नाही. ऑर्डर मिळाल्याचा ईमेलही बहुतेकदा अपुरा. पावतीवर रुग्णाचं नाव, औषधाचं नाव, तारीख, विक्रेता आणि तुम्ही खरोखर दिलेली रक्कम हवी. बहुतेक ऑनलाइन फार्मसींच्या खात्यात अशी तपशीलवार पावती निघते, पण ती स्वतः शोधून उतरवून घ्यावी लागते. औषध आल्याच्या दिवशीच उतरवा, कारण खातं बंद झालं की पावत्याही गेल्या.

कार्ड नाकारलं गेलं तर घाबरू नका. बऱ्याचदा विक्रेत्याची यंत्रणा ती वस्तू वैद्यकीय म्हणून ओळखत नाही, एवढंच. स्वतःच्या कार्डाने पैसे द्या आणि नंतर एचएसएतून परत घ्या. परत घेण्याला मुदत नाही, पाच वर्षांनीही चालतं. पण मग पावतीही तितकी वर्षं सांभाळा, आणि पैसे काढलेल्या वर्षाच्या रिटर्ननंतर आणखी तीन वर्षं. तोच खर्च विम्याकडून मिळाला असेल किंवा रिटर्नमध्ये वजावट म्हणून दाखवला असेल, तर एचएसएतून घेता येत नाही.

टॅक्सच्या वेळी बँकेकडून वर्षभरात काढलेल्या रकमेचा १०९९-एसए हा फॉर्म येतो, त्यावरून फॉर्म ८८८९ भरायचा. सगळा खर्च नियमात असला, टॅक्स शून्य असला तरी हा फॉर्म लागतो. अनेक जण तो भरतच नाहीत आणि पत्र येतं. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीत राहणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: ही दोन राज्यं एचएसएची सवलत मानत नाहीत. राज्याच्या रिटर्नमध्ये हा भरणा उत्पन्नात धरावा लागतो.

चुकून नियमाबाहेरच्या खरेदीला कार्ड वापरलं गेलं असेल, तर गप्प बसू नका. समजुतीची खरी चूक असेल, तर ती ज्या वर्षी लक्षात आली त्या वर्षाच्या रिटर्नच्या मुदतीपर्यंत, म्हणजे साधारण पुढच्या वर्षीच्या १५ एप्रिलपर्यंत, तेवढी रक्कम खात्यात परत भरता येते. बँकेवर ती घेण्याची सक्ती नाही, म्हणून आधी विचारा, ‘चुकीने काढलेली रक्कम परत करण्याचा फॉर्म’ मागा आणि भरलेल्या फॉर्मची प्रत ठेवा. नुसती रक्कम जमा केली तर ती नवा भरणा म्हणून धरली जाते आणि मर्यादेचा दुसराच घोळ उभा राहतो.