मेंदूतील आरएनए-बंधक प्रथिने

आरएनए-बंधक प्रथिने म्हणजे संदेशक आरएनएला (जनुकातील सूचनेची नक्कल, म्हणजेच ‘संदेश’) चिकटून त्याची कापजोड, वाहतूक, भाषांतर (संदेशावरून प्रथिन बनवणे) आणि आयुर्मान ठरवणारी प्रथिने. माणसात ती दीड हजाराहून अधिक आहेत. चेतापेशीत त्यांच्यावर विशेष भार पडतो. मज्जारज्जूपासून पावलाकडे जाणारा अक्षतंतू (चेतापेशीचा लांब धागा) सुमारे एक मीटर लांब असतो, त्यामुळे संदेश दूर पाठवून प्रथिन तिथेच तयार केले जाते.

झेडबीपी-१ हे प्रथिन बीटा-ॲक्टिन या पेशीच्या सांगाड्यातील प्रथिनाच्या संदेशातील ५४ अक्षरांचा तुकडा ओळखते व वाटेत भाषांतर रोखते. मुक्कामी सार्क किनेज या विकराने (एन्झाइमने) त्याला फॉस्फेट जोडला की पकड सुटते. टीडीपी-४३ हे दुसरे बंधक प्रथिन पेशीच्या केंद्रकात राहून नको असलेले तुकडे संदेशात शिरू देत नाही. एएलएस या चेताविकारात ते केंद्रकाबाहेर साचते आणि स्टॅथमिन-२ या अक्षतंतूला लागणाऱ्या प्रथिनाचा संदेश अर्धवट तुटतो.

सर्वांत बोलके उदाहरण एफएमआरपी या बंधक प्रथिनाचे. चेतासंधीजवळ (दोन चेतापेशींच्या जोडाजवळ) ते भाषांतराला लगाम घालते. एक्स गुणसूत्रावरील एफएमआर१ या त्याच्या जनुकात सीजीजी ही तीन अक्षरांची त्रयी २०० हून अधिक वेळा आली, तर जनुक सहसा बंद पडते, लगाम सुटतो आणि फ्रॅजाइल एक्स हा बौद्धिक विकार होतो.

फ्रॅजाइल एक्सच्या निदानासाठी नाशिकहून मुंबई-पुण्याला नमुना पाठवायचा असल्यास २ ते ३ मिली रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए (रक्त साकळू न देणारे रसायन) नळीत घ्यावे आणि नळी हलकेच उलटसुलट करावी. हेपॅरिन या दुसऱ्या साकळरोधकाची नळी टाळावी, कारण ते पीसीआरमध्ये (डीएनएच्या तुकड्याच्या प्रती वाढवणाऱ्या चाचणीत) अडथळा आणते. उन्हाळ्यात थंड पेटी हवीच, पण रक्ताचा बर्फ होऊ देऊ नये. साधा पीसीआर लांब सीजीजी पट्टा वाढवू शकत नाही. त्यामुळे स्त्रीच्या नमुन्यात जनुकाच्या दोन प्रतींपैकी फक्त निरोगी प्रत दिसते आणि अहवाल चुकीने ‘सामान्य’ येतो. म्हणून लांब पट्टाही पकडणाऱ्या त्रयी-प्रायमर पीसीआर किंवा सदर्न ब्लॉट या चाचण्यांपैकी एक मागावी. नेहमीच्या एक्झोम चाचणीतही (जनुकांचे प्रथिन-सांकेतिक भाग वाचणारी) हा दोष निसटतो.

५५ ते २०० त्रयी असल्यास प्रथिन बनते, पण लांबलेला आरएनए इतर बंधक प्रथिनांना अडकवून ठेवतो, असे मानले जाते. अशा पुरुषांना पन्नाशीनंतर कंप व तोल जाण्याचा त्रास, तर स्त्रियांना अकाली रजोनिवृत्ती होऊ शकते. म्हणून मुलाची माहिती घेताना आईच्या वडिलांचे हात थरथरत होते का, मावशीची पाळी चाळिशीआधी थांबली का, हे आवर्जून विचारावे.