बसायचा कट्टा, भरवायचा कट्टा

ठाण्यात कोणी 'कट्ट्यावर भेटू' म्हणालं की हल्ली उलट विचारावं लागतं, कुठल्या? तलावपाळीच्या, म्हणजे गावातल्या मासुंदा तलावाच्या दगडी कठड्यावर, की सभागृहातल्या, जिथे खुर्च्या मांडलेल्या असतात आणि पाहुण्यांच्या हातात तुळशीचं रोप देतात? म्हटलं तर दोन्हीकडे एकच गोष्ट चालते. साधी माणसं आपल्या आयुष्यात काय झालं ते सांगतात, बाकीची ऐकतात. खाडीपलीकडे वाशी-नेरूळच्या सेक्टरांतही सोसायटीच्या वर्धापनदिनी नाहीतर ज्येष्ठांच्या विरंगुळा केंद्रात 'अनुभवकथन' ठेवण्याची पद्धत आता रुळली आहे. हे आलं कुठून, आणि मधल्या मधे 'कट्टा' या शब्दाचं काय झालं, ते एकदा लिहून काढतो.

फार मागे जायचं तर मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ, 'लीळाचरित्र', हाच मुळी लोकांना विचारून विचारून जमवलेल्या आठवणींचा आहे. तेराव्या शतकातला. एकाच प्रसंगाच्या दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही तशाच लिहून ठेवल्या आहेत. बायका जात्याशी बोलत. पिठाची गिरणी आली आणि ते बोलणं दुसरीकडे वळलं. ठाण्याच्या जुन्या आळ्यांत घरापुढे ओटा असायचा, खाडीकाठच्या आगरी गावांत लग्नाच्या मांडवात लग्नगीतं गाणारी धवलारीण असायची. याहून जास्त मी सांगायला गेलो तर ते वाचीव ज्ञान होईल. १८५३ ची मुंबई-ठाणे आगगाडी तर सगळ्यांना पाठ आहे.

मला नीट माहीत आहे तो काळ १९८० नंतरचा. वागळे इस्टेट १९६२ ची, ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचे कारखाने त्याच दशकातले. तिथे वयाच्या विशीत लागलेली माणसं ऐंशीच्या दशकात चाळिशीला आली आणि नेमक्या तेव्हाच कंपन्या बंद पडायला लागल्या. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, त्याची कहाणी सगळ्यांना ठाऊक आहे. इंजिनीअरिंगच्या कारखान्यांचं मरण मात्र एका दिवसाच्या बातमीचं नव्हतं. आधी ओव्हरटाइम बंद, मग कॅंटीन बंद, मग व्हीआरएसचा, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचा कागद, मग गेटवर नोटीस. पंचेचाळीस-पन्नासच्या वयात धडधाकट माणसं दुपारी चार वाजता मोकळी. घरात दोन खोल्या. ती जाणार कुठे? मासुंद्याच्या काठावर.

माझे वडील त्यांतलेच. त्यांच्या चौकडीत एक टर्नर काका होते, लेथवर काम केलेले. बोलताना अंगठा आणि तर्जनी जवळ आणून हवेतच मायक्रोमीटर फिरवायचे. खाली बसण्याआधी वर्तमानपत्राची घडी कठड्यावर टाकायची, उठताना ती झटकून पुन्हा काखेत. त्यांची गोष्ट एकच: गेटवर नोटीस लागली त्या दिवशी त्यांनी डबा उघडलाच नाही, संध्याकाळी तसाच भरलेला घरी नेला. ही गोष्ट मी लहानपणी पंधरा-वीस वेळा तरी ऐकली असेल. पहिल्या वर्षी तिच्यात मालक खलनायक होता. दोनेक वर्षांनी मालक मागे पडला आणि युनियनचा पुढारी पुढे आला. पुढे पुढे, मी कॉलेजात असताना, काका म्हणायला लागले की पहिल्याच यादीत व्हीआरएस घेतली असती तर बरं झालं असतं, बायको सांगत होती. गोष्ट तीच, डबा तोच. पण ऐकणारेही दरवेळी तेच असल्यामुळे बदल लगेच पकडला जायचा. 'मागे तर तू पुढाऱ्याला शिव्या देत होतास' असं कोणी म्हणालं की काका गप्प बसायचे, मायक्रोमीटर अर्धा वळसा फिरायचा. धडा कोणी विचारत नसे. तशी पद्धतच नव्हती.

नवी मुंबईत याच काळात तीन तऱ्हेच्या गोष्टी शेजारी शेजारी नांदत होत्या आणि एकमेकींना फारशा ऐकू जात नव्हत्या. एक गावकऱ्यांची. १९७० पासून ९५ गावांची जमीन शहरासाठी घेतली गेली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण तालुक्यात याच जमिनीच्या आंदोलनावर झालेल्या गोळीबारात पाच जण गेले, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना आली. कोपरखैरणे, घणसोली, करावे इथल्या देवळापुढच्या पारावर आजही वय झालेली माणसं वर्ष सांगताना 'गोळीबाराच्या आधी' आणि 'नंतर' असंच सांगतात. दुसरी गोष्ट माथाडींची. डोक्यावर ओझं वाहणाऱ्यांसाठीचा कायदा १९६९ चा. कांदा-बटाट्याचा बाजार ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईतून वाशीला हलला, भाजी आणि फळांचा १९९६ मध्ये, आणि सातारा, सांगली, जुन्नरकडची माणसं कोपरखैरणे-घणसोलीत स्थिरावली. तिसरी गोष्ट लवकर राहायला आलेल्या नोकरदारांची. १९७३ च्या पुलावरून बस, घरात पाणी वेळेवर नाही, रात्री खाडीकडून कोल्हेकुई. वाशीला लोकल पोहोचली १९९२ मध्ये, तोवरचे दिवस हे लोक लढाईवर जाऊन आल्यासारखे सांगतात. गावकऱ्याला ते ऐकताना हसू येतं, आणि ते मी पाहिलेलं आहे.

आता शब्दाकडे येतो, कारण खरा गुंता तिथे आहे.

कन्नडात झाडाभोवती बांधलेल्या ओट्याला 'कट्टे' म्हणतात. आपला कट्टा त्याच घराण्यातला दिसतो. म्हणजे मुळात ती बांधलेली, टेकायची जागा. तीवर कोण बसतं, काय बोलतं याच्याशी शब्दाला देणंघेणं नव्हतं. मग कॉलेजच्या मुलांनी कट्टा म्हणजे टवाळकी असा अर्थ रूढ केला. 'दिवसभर कट्ट्यावर असतो' हे आयांच्या तोंडी दूषण होतं. वाशीच्या धान्य बाजारात कट्टा म्हणजे लहान गोणी. तिथल्या हमालाला 'कट्ट्यावर आयुष्य काढलं' हे वाक्य अगदी वेगळं ऐकू येईल. आणि पोलिसांच्या बातमीतला गावठी कट्टा आणखी तिसराच. एकाच वर्तमानपत्राच्या एकाच पानावर 'ज्येष्ठांचा कट्टा रंगला' आणि 'कट्ट्यासह दोघे अटकेत' हे मथळे सुखाने शेजारी राहू शकतात.

या शतकाच्या सुरुवातीला ठाण्यात आणखी एक अर्थ आला आणि बाकीच्यांवर बसला. नौपाड्याच्या भागात आठवड्याला भरणारे कार्यक्रम 'कट्टा' या नावाने सुरू झाले. मग अभिनयाचा कट्टा, संगीताचा कट्टा, वाचकांचा कट्टा, मुलांचा कट्टा. चांगले कार्यक्रम होते, अजूनही आहेत. कितीतरी साध्या माणसांना तिथे पहिल्यांदा माइक मिळाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण क्रियापदं बदलली. आधी आपण कट्ट्यावर बसायचो. आता कट्टा भरतो, रंगतो, त्याचं 'पुष्प गुंफलं' जातं. हे पुष्प कुठून आलं ते ओळखायला वेळ लागत नाही, ही सरळ व्याख्यानमालेची भाषा आहे. पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, तेव्हापासून मराठी शहरांत संध्याकाळी कोणीतरी उंचावरून बोलायचं आणि बाकीच्यांनी खाली बसून ऐकायचं हा शिरस्ता आहे. माझ्या मते ठाण्यातला भरवायचा कट्टा हा तलावपाळीचा वारस नाहीच, तो व्याख्यानमालेचा नातू आहे. नाव तेवढं आजोळचं घेतलं.

नाव कोणाचं का असेना, असं म्हणता येईल. पण त्याबरोबर गोष्टीची रीतही बदलली. अनोळखी श्रोत्यांपुढे गोष्ट एकदाच सांगायची असते, दहा मिनिटांत, घंटी वाजायच्या आत. मागच्या वेळी काय म्हणाला होतात हे विचारणारा समोर कोणी नसतो. शेवटी निवेदक विचारतो, 'यातून आम्ही काय घ्यावं?' हा प्रश्न ठरलेला असल्यामुळे सांगणारा आधीपासूनच त्या दिशेने चालायला लागतो. टर्नर काकांना कोणी असं स्टेजवर नेलं असतं तर त्यांनी पहिल्याच वर्षी मालकाला दोषी ठरवून, चिकाटीवर दोन वाक्यं बोलून गोष्ट संपवली असती, आणि ती तशीच गोठली असती.

सगळ्यात वादाचा मुद्दा मात्र वेगळाच आहे, आणि तो अशा कार्यक्रमांतला एका ओळीचा नियम आहे: 'राजकारण, धर्म आणि कौटुंबिक तक्रारी टाळाव्यात.' पहिल्या दोन शब्दांवर कोणाचं काही म्हणणं नसतं. तिसऱ्यावरून मी नवी मुंबईतल्या एका मंडळात चांगली पाऊण तास चाललेली खडाजंगी ऐकली आहे. निमित्त झालं एका आजींचं. त्या उभ्या राहिल्या, नवऱ्याच्या आजारपणापासून सुरुवात केली, आणि मुलाच्या नावावर फ्लॅटचं बक्षीसपत्र केलं इथपर्यंत आल्या. घंटी वाजली. दहा मिनिटं झाली नव्हती, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

आयोजकांची बाजू खोटी नव्हती. तो मुलगा त्याच सेक्टरात राहणारा, सून मंडळाच्या हळदीकुंकवाला येणारी. याआधी एकदा असंच बोलणं घरी पोहोचलं होतं आणि बोलणाऱ्या गृहस्थांचं येणंच बंद झालं होतं. पण दुसरी बाजूही ऐकायला हवी होती, आणि ती नीट ऐकली गेली नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात अशी तरतूद आहे की सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर तो व्यवहार रद्द करून मागता येतो, प्रांताच्या पातळीवरच्या न्यायाधिकरणाकडे. अट कागदात लिहिलेली असणं इथे फार मोलाचं. खोलीत बक्षीसपत्राच्या उंबरठ्यावर असलेली आणखी चार माणसं तरी असतील. आजींची गोष्ट पुरी झाली असती तर त्यांना घरी जाऊन स्वतःचा कागद काढून बघावासा वाटला असता. त्याऐवजी पुढच्या वक्त्याने हिमालयातल्या ट्रेकबद्दल सांगितलं. छान सांगितलं.

अनुभव कुठला आणि तक्रार कुठली याची कसोटी तिथे कोणी सांगितली नाही, पण व्यवहारात ती स्पष्ट होती. झालं-गेलं सांगितलं की तो अनुभव, चालू असलेलं सांगितलं की ती तक्रार. सासूने छळलं हे चालतं, सासू वारलेली असते. सून बोलत नाही हे चालत नाही.

बायकांचं एकूणच इथे अवघड राहिलं. तलावपाळीचा कठडा पुरुषांचा होता. माझी आई तिथे कधी टेकलेली मला आठवत नाही. तिची जागा लोकलचा डबा. ठाण्याहून धिम्या गाडीने मुंबईला जाईपर्यंत भाजी निवडून व्हायची आणि शेजारणीच्या घरातलं सगळं कळून व्हायचं. २००४ मध्ये ठाणे-वाशी गाडी सुरू झाली तेव्हा नोकरी बदललेल्या तिच्या मैत्रिणी त्या गाडीला गेल्या आणि एक जुना घोळका फुटला. भिशी, बचत गट, गच्चीवरचे पापड, ही बाकीची ठिकाणं. यांतल्या एकालाही कोणी कट्टा म्हटलं नाही.

पुढचं सगळं अलीकडचं. जुन्या ठाण्यात इमारती पाडून टॉवर झाले, त्यांत ओटा नाही, पायरी नाही, लॉबीत ग्रॅनाइट आहे आणि 'येथे बसू नये' अशी पाटी. नवी मुंबईत पालिकेने सेक्टरासेक्टरांत विरंगुळा केंद्रं बांधली. वर्तमानपत्रं, कॅरम, महिन्याच्या वाढदिवसांचा एकत्र केक. सोय उत्तम आहे, नाव मात्र मला खटकतं. आयुष्यभराचं बोलायला आलेल्या माणसाला 'या, विरंगुळा करा' म्हणणं म्हणजे त्याचं बोलणं आधीच हलकं करून टाकणं.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि दोन्ही कट्टे एकाच दिवशी बंद झाले. भरवायचा कट्टा दोन-तीन आठवड्यांत मोबाइलवर सुरू झाला. सत्तरीची माणसं 'अनम्यूट' शिकली, ठाण्याच्या कार्यक्रमाला अमेरिकेतली मुलंही बसायला लागली. बसायच्या कट्ट्याला अशी सोय नव्हती. त्यातली काही माणसं त्या दोन वर्षांत गेली, काही मुलांकडे खारघर-पनवेलला राहायला गेली. त्यानंतर तलावपाळीला दिवे आले, कारंजी आली, संध्याकाळी फोटो काढणाऱ्यांची एवढी गर्दी असते की टेकलेल्या माणसाला उठून जागा द्यावी लागते.

वडिलांची चौकडी आता व्हॉट्सअॅपवर आहे. सकाळी फुलांच्या चित्रांवर 'आयुष्याने शिकवलेले दहा धडे' येतात, ते कोणी वाचत नाही. पण रात्री नऊच्या सुमाराला टर्नर काकांचा आवाजी निरोप येतो, पाच-सहा मिनिटांचा, मधेच खोकला, मागे नातवाचं कार्टून. गेल्या आठवड्यात त्यांनी पुन्हा डब्याची गोष्ट पाठवली. या वेळी तिच्यात मालक नव्हता, पुढारीही नव्हता. शुक्रवार होता, घरी आलो, भरलेला डबा बायकोसमोर ठेवला आणि ती काही बोलली नाही, एवढंच.

वडिलांनी तो निरोप दोनदा ऐकला. मग फोन तोंडाजवळ धरून, मोठ्याने, पलीकडच्याला कमी ऐकू येतं असं गृहीत धरून उत्तर दिलं: 'शुक्रवार नव्हता रे. गुरुवार. तुझ्या डब्यात साबुदाण्याची खिचडी होती. मला कशी ठाऊक म्हणशील, तर तो डबा आपण तिघांनी तलावावर बसून खाल्ला होता, घरी तू रिकामा नेलास.'

दोन निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर अजून आलेलं नाही.