अमेरिकी सरहद्दीवरील श्रद्धाप्रधान प्रणयकादंबरी

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवर घडणारी, प्रेमकथा आणि ख्रिस्ती श्रद्धेची वाटचाल एकत्र गुंफणारी लोकप्रिय कादंबरी. तिच्या लेखिका व वाचक बहुतांशी इव्हँजेलिकल, म्हणजे बायबल आणि वैयक्तिक श्रद्धा यांवर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट स्त्रिया आहेत. साध्या प्रेमकथेत नायक, नायिका आणि त्यांच्यामधली अडचण एवढे पुरते. इथे देव हे तिसरे पात्र असते आणि नायिकेचे त्याच्याशी असलेले भांडण मिटल्याशिवाय कथा संपत नाही.

सरहद्द म्हणजे इथे वसाहतींची पश्चिमेकडे सरकत जाणारी कड. 1840 च्या दशकात मिझुरीतील इंडिपेंडन्स गावाहून ऑरेगनकडे गाड्यांचे तांडे निघू लागले. सुमारे 3,200 किमीची ती वाट कापायला चार ते सहा महिने लागत. 1848 मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडले, 1869 मध्ये रेल्वेने दोन्ही किनाऱ्यांकडचा प्रदेश जोडला आणि 1890 च्या जनगणनेनंतर सलग अशी सरहद्द उरली नसल्याचे सरकारनेच नोंदवले. बहुतेक कथानके या पन्नास वर्षांत बसतात.

या काळातल्या कायद्यांनी लग्नाला जमिनीशी बांधून ठेवले होते, हे लक्षात घेतले तर कादंबऱ्यांतली घाईची लग्ने तितकी खोटी वाटत नाहीत. ऑरेगनसाठी 1850 मध्ये झालेल्या कायद्याने आधीच येऊन राहिलेल्या एकट्या पुरुषाला 320 एकर, तर विवाहिताला 640 एकर जमीन मिळे आणि त्यातली निम्मी बायकोच्या नावावर होई. साहजिकच वधू शोधण्याची धांदल उडाली. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी 1862 मध्ये सही केलेल्या होमस्टेड कायद्याने 160 एकर जमीन जवळजवळ फुकट मिळू लागली. अट एवढीच, की पाच वर्षे तिथे राहायचे, घर बांधायचे, जमीन कसायची. अविवाहित किंवा विधवा स्त्रीलाही स्वतःच्या नावावर दावा सांगता येई, विवाहितेला मात्र सहसा नाही. जमीन पदरात पडण्याआधी लग्न करावे की नंतर, हा प्रश्न त्यामुळे कित्येक नायिकांपुढे उभा राहतो. शिवाय पुरुषांच्या मानाने स्त्रिया फारच कमी होत्या. 1850 च्या जनगणनेत कॅलिफोर्नियातील नव्वद टक्क्यांहून अधिक लोक पुरुष होते. जाहिरात देऊन, पत्रव्यवहार करून पूर्वेकडून बायको बोलावण्याचा प्रकार खरोखरच घडत होता. सिएटलला तर एसा मर्सर या गृहस्थाने 1864 आणि 1866 मध्ये पूर्व किनाऱ्यावरून जहाजाने तरुणी आणल्या.

प्रकाशन व्यवसायाच्या दृष्टीने या प्रकाराची सुरुवात 1979 पासून धरतात. त्या वर्षी कॅनडातील अल्बर्टा प्रांतात जन्मलेल्या जॅनेट ओक यांची ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ ही कादंबरी मिनेसोटातील बेथनी हाउसने काढली. धार्मिक वळणाच्या प्रेमकथा त्याआधीही होत्या. ग्रेस लिव्हिंग्स्टन हिल (1865–1947) यांनी अशा कितीतरी लिहिल्या. पण ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांत कादंबरीला फारशी जागा नव्हती, ती ओक यांच्या यशाने मिळाली. कथानक अगदी साधे आहे. पश्चिमेला येताच गरोदर मार्टीचा नवरा अपघातात जातो. त्याच्या दफनाच्याच दिवशी क्लार्क नावाचा विधुर शेतकरी तिला लग्नाची मागणी घालतो. त्याला लहान मुलीसाठी आई हवी आहे, तिला हिवाळ्यासाठी छप्पर हवे आहे. वसंतात पूर्वेकडे तांडा निघेल तेव्हा जायचे असल्यास भाडे मी देईन, असे तो कबूल करतो. ती अर्थातच जात नाही.

आधी लग्न, मग ओळख, मग प्रेम या क्रमाचे मराठी वाचकाला नवल वाटण्याचे कारण नाही. अमेरिकी वाचकाला मात्र त्यात मोठे नाट्य दिसते. लेखिकेच्या दृष्टीने या रचनेचा एक व्यावहारिक फायदाही आहे. या कादंबऱ्यांत शिवीगाळ नसते, शय्यागृहाचे दार बंद राहते, विवाहपूर्व संबंध आले तरी ते पश्चात्तापाचा विषय म्हणून येतात. पण नायक-नायिकेला एका छपराखाली तर आणायचे आहे. नावापुरते लग्न लावून दिले की नीतीही सांभाळली जाते आणि चूल, गोठा, आजारी मूल यांच्या निमित्ताने दोघांना पानोपानी समोरासमोरही आणता येते.

एक पेच मात्र उरतोच. विश्वास न ठेवणाऱ्याशी जोडी जमवू नये, असा प्रेषित पौलाचा बायबलच्या नव्या करारातील उपदेश हे वाचक गंभीरपणे घेतात. त्यामुळे नायक श्रद्धाळू आणि नायिका देवावर रुसलेली, असे असेल तर दोघांत श्रीमंती-गरिबीपेक्षा मोठी भिंत उभी राहते. प्रेमाची कबुली आणि श्रद्धेची कबुली यांत आधी कोणती द्यायची, यावर लेखिकेचे कसब कळते. नवऱ्याला खूश करण्यासाठी बायकोने देव मानला असे वाटले की कादंबरी फसते. म्हणून जाणत्या लेखिका तिचे मन वळवण्याचे काम नायकाकडे देत नाहीत. ते शेजारच्या मळ्यावरची म्हातारी करते, नाहीतर दोन महिन्यांतून एकदा घोड्यावरून येणारा मेथडिस्ट पंथाचा उपदेशक, आणि बऱ्याचदा निसर्गच.

निसर्गाचा हा भाग या साहित्यात सर्वांत सकस आहे. कॅन्सस-नेब्रास्काच्या माळावर झाड नाही, म्हणून लाकूड नाही. गवताच्या मुळांसकट माती कापून तिच्या विटा रचायच्या आणि घर बांधायचे. पावसात असे घर गळते, छतातून साप पडतात. जळण म्हणून बायसनचे वाळके शेण वेचायचे. 1874 ची टोळधाड आणि जानेवारी 1888 मध्ये शाळेतून घरी निघालेल्या मुलांना गाठणारे हिमवादळ या खऱ्या आपत्ती आहेत. संकटात देव कुठे होता, हा प्रश्न अशा वेळी आपोआपच उभा राहतो, तो ओढूनताणून आणावा लागत नाही. हलक्या कादंबऱ्यांत मात्र सरहद्द म्हणजे छापील सुती झगा, ताज्या पावाचा वास आणि मुखपृष्ठावरचे गव्हाचे शेत, एवढीच उरते.

सोवळेपणाच्या चौकटीला मोठा धक्का दिला तो फ्रान्सिन रिव्हर्स यांच्या ‘रिडीमिंग लव्ह’ने. ही कादंबरी 1991 मध्ये प्रथम निघाली आणि सुधारलेली आवृत्ती 1997 मध्ये ख्रिस्ती प्रकाशनातर्फे आली. कथेचा सांगाडा बायबलच्या जुन्या करारातील, देवाच्या आज्ञेवरून व्यभिचारी स्त्रीशी लग्न करणाऱ्या होशेय या संदेष्ट्याच्या ग्रंथाचा आहे. सोन्याच्या शोधाने पेटलेल्या कॅलिफोर्नियात लहानपणीच विकली गेलेली एंजल वेश्याव्यवसायात आहे. देवाची आज्ञा मानून मायकेल होशेय हा शेतकरी तिच्याशी लग्न करतो आणि ती वारंवार पळून जाते. अत्याचाराचे चित्रण इतके उघड, की अनेक श्रद्धाळू वाचक बिचकले. तरीही हे या प्रकारातील सर्वाधिक वाचल्या गेलेल्या पुस्तकांपैकी एक ठरले. क्षमा न संपणारी असावी हा त्यातला आग्रह काहींना उदात्त वाटतो. स्त्रीच्या नकारालाच इथे आजार मानले आहे, हा दुसऱ्या बाजूचा आक्षेपही सहज झटकून टाकता येण्यासारखा नाही.

पुढे लॉरी विक, ट्रेसी पीटरसन, डकोटातील नॉर्वेजियन कुटुंबांवर लिहिणाऱ्या लॉरेन स्नेलिंग, विनोदी अंगाने लिहिणाऱ्या मेरी कॉनेली अशा लेखिकांनी प्रांत विस्तारला. प्रणयकथांचे प्रकाशक हार्लेक्विन यांनी 2008 मध्ये ऐतिहासिक श्रद्धाकथांची स्वतंत्र मालिका काढली आणि 2018 मध्ये ती थांबवली. 1997 नंतर आमिश या आधुनिक साधने टाळून जुन्या चालीने राहणाऱ्या ख्रिस्ती समाजावरच्या कादंबऱ्यांची लाट आली आणि बराच वाचकवर्ग तिकडे वळला.

या प्रकाराची खरी दुखरी जागा जमीन ही आहे. होमस्टेडची 160 एकर कुणाची तरी होती. मूळ रहिवासी या कथांत बराच काळ धोका म्हणून, नाहीतर धर्मांतराला तयार असलेला सज्जन म्हणून आले. प्रत्यक्ष इतिहास किती गुंतागुंतीचा होता, ते नार्सिसा व्हिटमन यांच्या आयुष्यात दिसते. मिशनरी म्हणून जाण्याची तिची इच्छा होती, पण अविवाहित स्त्रीला पाठवण्यास बोस्टनचे अमेरिकन बोर्ड ही मिशनरी संस्था राजी नव्हती. डॉ. मार्कस व्हिटमन यांच्याशी फेब्रुवारी 1836 मध्ये तिचे लग्न झाले आणि लगोलग दोघे ऑरेगनकडे निघाले. सोबतची मिशनरी एलायझा स्पॉल्डिंग आणि ती, या दोघी रॉकी पर्वत ओलांडणाऱ्या पहिल्या गोऱ्या स्त्रिया मानल्या जातात. इथवर हे एखाद्या कादंबरीसारखेच आहे. 1847 मध्ये गोवराच्या साथीत तिथले मूळ रहिवासी केयूस लोक मोठ्या संख्येने मेले, गोरी मुले मात्र बरी होताना दिसली. संतापलेल्या केयूसांनी व्हिटमन दांपत्याला इतर काही जणांसह ठार केले. 1850 मध्ये पाच केयूसांना फाशी झाली.

याच अमेरिकन बोर्डाचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट 1813 मध्ये मुंबईत उतरले होते. त्यांच्या कामातून अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले आणि 1831 पासून अहमदनगर हे त्याचे मोठे केंद्र झाले. श्रद्धाप्रधान कादंबरी मराठीलाही परकी नाही. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ (1857) विधवेचे दुःख, ख्रिस्ती श्रद्धा आणि पुनर्विवाह याच वाटेने जाते. समाजसुधारणेचा जो उघड हेतू पदमनजींकडे आहे, तो अमेरिकी प्रणयकथेत मात्र क्वचितच दिसतो. तिचा सारा भर एका घराच्या सुखावर असतो.

जमिनीचा वाद 2021 मध्ये पुरस्कारांपर्यंत पोहोचला. अमेरिकेतील प्रणयकथा लेखकांच्या संघटनेने कॅरन विटमायर यांच्या एका कादंबरीला धार्मिक-आध्यात्मिक विभागातला ‘विव्हियन’ पुरस्कार दिला. तिचा नायक घोडदळातला. 29 डिसेंबर 1890 रोजी साउथ डकोटातील वूंडेड नी येथे लाकोटा या मूळ रहिवासी जमातीच्या स्त्री-पुरुष-मुलांची अमेरिकी सैन्याकडून जी कत्तल झाली, तिच्यात त्याचा सहभाग आरंभीच येतो आणि पश्चात्तापानंतर तो प्रेमाला पात्र ठरतो. पापी माणसाला क्षमा मिळते हा या प्रकाराचा पायाच, त्यामुळे लेखिकेच्या बाजूने बोलणारेही होते. पण ज्यांची माणसे मेली त्यांना कथेत नायकाच्या उद्धारापुरतेच स्थान उरते, या आक्षेपापुढे संघटनेने पुरस्कार मागे घेतला.

पडद्यावर या कथा हॉलमार्क वाहिनीने नेल्या. ‘लव्ह कम्स सॉफ्टली’वरचा चित्रपट 2003 मध्ये आला. ओक यांच्याच 1983 च्या कादंबरीवरून 2014 मध्ये सुरू झालेली ‘व्हेन कॉल्स द हार्ट’ ही मालिका कॅनडाच्या पश्चिमेतील खाणगावात घडते. तिचे चाहते स्वतःला ‘हार्टीज’ म्हणवतात.