एअर फिल्टर घेताना सुटणारी धूळ मोजा

एअर फिल्टरचा डबा उघडा, फिल्टर बाजूला काढा आणि इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपाच्या आतून पांढरं फडकं गुंडाळलेलं बोट फिरवा. फडकं कोरं निघालं, तर जुना फिल्टर दिसायला कितीही मळका असो, त्याने काम चोख केलंय. फडक्यावर लालसर पट्टा उमटला, तर फिल्टर कालच बसवलेला असला तरी धूळ आत गेलेली आहे. थार, जिम्नी, गुरखा किंवा जुनी जिप्सी घेऊन कच्च्या वाटांवर जाणाऱ्यांनी नवा फिल्टर घेण्याआधी एवढं करावंच. पुष्कळदा गडबड फिल्टरमध्ये नसते, डब्याच्या झाकणात असते.

इंजिन हवा किती ओढतं याचा आपल्याला अंदाज नसतो. एक लिटर पेट्रोल जाळायला सुमारे ११ किलो हवा लागते, म्हणजे साधारण ९ हजार लिटर. डिझेल इंजिन तर कायम गरजेपेक्षा जास्त हवा घेतं. २.२ लिटरचं टर्बो डिझेल इंजिन २,००० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला २,००० फेऱ्यांनी, चालतंय असं धरू. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना सिलिंडर एकदा भरतात, म्हणजे मिनिटाला २,२०० लिटर. हवा दाबून आत ढकलणाऱ्या टर्बोचा थोडा दाब धरला की आकडा तीन हजारांच्या पुढे जातो. तासाला झाले ढोबळमानाने २०० घनमीटर.

आता ही गाडी उन्हाळ्यात जांभ्याच्या रस्त्यावर पाच-सहा गाड्यांच्या रांगेत शेवटची आहे. पुढची गाडी दिसेनाशी व्हावी इतकी धूळ उडत असेल, तर एका घनमीटर हवेत जवळपास एक ग्रॅम धूळ असते. म्हणजे तासाभरात फिल्टरच्या तोंडाशी २०० ग्रॅम, मोठा चहाचा कप भरेल इतकी. त्यातली ९९.५ टक्के धूळ अडवणारा फिल्टर इंजिनात १ ग्रॅम सोडतो. ९८ टक्के अडवणारा ४ ग्रॅम सोडतो. खोक्यावर वाचताना दीड टक्क्याचा फरक किरकोळ वाटतो, पण सिलिंडरच्या वाट्याला चौपट धूळ येते. म्हणून खोक्यावरचा टक्का शंभरातून वजा करायचा आणि उरलेला आकडा बघायचा. तो टक्का आयएसओ ५०११ या एअर फिल्टरच्या आंतरराष्ट्रीय चाचणीनुसार काढलेला असेल, तरच दोन फिल्टरांची तुलना करण्यात अर्थ आहे. त्या चाचणीत कोणती धूळ वापरली हेही पाहावं, कारण जाड धूळ वापरली की कोणताही फिल्टर हुशार दिसतो.

खरी झीज करतात ते साधारण ५ ते २० मायक्रॉनचे कण; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, त्यावरून कल्पना यावी. पिस्टन रिंग आणि सिलिंडर यांच्यामध्ये तेलाचा थर काही मायक्रॉनचाच असतो. त्याहून बारीक कण तेलाबरोबर वाहून जातो, तर थराएवढा किंवा थोडा मोठा कण दोन्ही बाजूंना एकदम घासतो. वाळूतल्या गारेचा (क्वार्ट्झचा) कठीणपणा खनिजांच्या १० पर्यंतच्या मोहस् मापावर ७ आहे आणि रिंगचं, लायनरचं (सिलिंडरच्या आतल्या अस्तराचं) लोखंड तिच्यापुढे मऊ पडतं. पहिल्यांदा झिजते वरची रिंग. मग गॅस खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळच्या भागात, गळू लागतो, इंजिन ऑइल खाऊ लागतं, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. टर्बो असेल तर कॉम्प्रेसरच्या पात्यांच्या कडा बोथट होतात. ऑइलची प्रयोगशाळेत तपासणी केली आणि सिलिकॉन, म्हणजे मातीतलं मूलद्रव्य, वाढलेलं निघालं, तर पहिला संशय हवेच्या वाटेवर घ्यायचा.

धूळ सगळीकडे सारखी नसते. राजस्थानच्या वाळूत गारेचे जाड, कडक दाणे जास्त असतात. ते जड असल्यामुळे फिल्टरपर्यंत पोचण्याआधीच बरेचसे खाली पाडता येतात. कोकणातल्या जांभ्याची धूळ लोह आणि ॲल्युमिनियमच्या संयुगांची. ती गारेपेक्षा मऊ, पण पिठासारखी बारीक. त्यामुळे ती फिल्टरवरच येऊन बसते. देशावरच्या काळ्या मातीतली चिकणमाती ओल धरून फुगते, म्हणून पहिल्या पावसाच्या दमट हवेत धुळीने भरलेला फिल्टर अचानक कोंदल्यासारखा वागतो.

फिल्टर ही चाळणी आहे, असं समजलं की पुढची सगळी निवड चुकते. कागदातल्या तंतूंमधली भोकं बऱ्याच कणांपेक्षा मोठी असतात, तरी कण अडकतात. जड कणाला हवेबरोबर वळण घेता येत नाही, तो सरळ जाऊन तंतूवर आदळतो. मध्यम कण जाता जाता तंतूला चाटून चिकटतो. अगदी सूक्ष्म कण हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी भरकटत तंतूवर जाऊन बसतो. सुटण्याची शक्यता सर्वांत जास्त ०.३ मायक्रॉनच्या आसपासच्या कणांना असते आणि इंजिनाला त्यांचा त्रास फारसा नसतो. यातूनच एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट निघते: कागदी फिल्टर सर्वांत जास्त धूळ सोडतो तो कोरा असताना. पृष्ठभागावर धुळीचा पातळ थर बसला की तो थरच गाळायला मदत करतो. दर रविवारी फिल्टर काढून त्याला हवा मारणारा मालक हा थर दर आठवड्याला उडवून लावत असतो. शिवाय प्रत्येक वेळी डबा उघडला की थोडी धूळ स्वच्छ बाजूला पडते, ती वेगळीच.

बाजारात मुख्यतः चार प्रकार मिळतात. घड्यांचा कागदी फिल्टर चांगल्या कंपनीचा असेल तर ९९ टक्क्यांच्या वर धूळ अडवतो आणि बहुतेकांनी तोच घ्यावा. कागदावर अतिसूक्ष्म कृत्रिम तंतूंची जाळी चढवलेला फिल्टर महाग असतो, पण धूळ वरच्यावर धरतो. कोरडी बारीक धूळ रोजचीच असेल तर पैसे वसूल होतात. फोमचा, तेल लावलेला फिल्टर धूळ खोलवर साठवतो आणि मोटोक्रॉसच्या बाइकवर शोभतो, कारण तिथे तो दर फेरीनंतर धुतला जातो. धुण्याचा कंटाळा असणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

चौथा, धुऊन पुन्हा वापरायचा तेलकट सुती जाळीचा फिल्टर. याची जाहिरात ‘जास्त हवा, जास्त ताकद’ अशी असते. हवा जास्त जाते कारण जाळी विरळ असते, आणि तिच्यातून धूळही जास्त जाऊ शकते. पेट्रोल गाडीत ॲक्सिलरेटर अर्धवट दाबलेला असताना हवेला खरा अडथळा ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या थ्रॉटलच्या झडपेचा असतो, फिल्टरचा नगण्य. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांवर मुद्दाम तुंबवलेले फिल्टर लावून पाहिले. मायलेजमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही, पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून वेग घेताना मात्र गाडी मंदावली. तुंबलेल्या फिल्टरची ही कथा, तर कोऱ्या कागदाऐवजी सुती जाळी लावून मायलेज किती वाढणार! त्यात तेल जास्त लागलं तर त्याचे थेंब पुढच्या एअरफ्लो सेन्सरच्या तारेवर बसतात आणि इंजिनाला हवेचं माप चुकीचं कळतं. डांबरी रस्त्यावर हौस म्हणून ठीक, लाल मातीत नको.

जुन्या जीप आणि ट्रॅक्टरवाल्यांचा ऑइल बाथ हा वेगळाच प्राणी आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपवर तोच होता. यात हवा तेलाच्या वाटीवर आदळून उलटी फिरते, जड धूळ तेलात पडते आणि उरलेली तेलाने भिजलेल्या जाळीत अडकते. नवा घ्यावा लागत नाही, तळाशी सेंटीमीटरभर गाळ साचला की तेल बदललं, झालं. पण हवेचा वेग कमी असला की, म्हणजे आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू), तो धूळ नीट पकडत नाही आणि तीव्र चढावर तेल एका बाजूला कलतं. तेल खुणेच्या वर भरलं तर डिझेल इंजिन ते ओढून घेतं आणि इंधन म्हणून जाळत पळत सुटतं. मग चावी बंद करूनही ते थांबत नाही, हवेचं तोंड बंद करावं लागतं. खुणेपर्यंत म्हणजे खुणेपर्यंतच.

दुकानात फिल्टर हातात आला की आधी घड्या बघा. ५० घड्या, प्रत्येक ४ सेंटीमीटर खोल आणि २५ सेंटीमीटर लांब असतील तर कागद भरतो एक चौरस मीटर. तेवढ्याच चौकटीत ३५ घड्या असलेला स्वस्त फिल्टर ०.७ चौरस मीटरचा. हवा तेवढीच, कागद कमी. त्यामुळे कागदातून हवेचा वेग वाढतो आणि फिल्टर लवकर कोंदतो. घड्या सारख्या अंतरावर हव्यात. दोन चिकटलेल्या असतील तर मधली जागा वाया गेली. टोकांना गोंद सलग आहे का, हे नखाने तपासा. शेवटी कडेचं रबर: ते मऊ असावं, दाबून सोडलं की लगेच मूळ आकारात यावं, आणि जाडी जुन्याशी मिलिमीटरपर्यंत जुळावी. हुबेहूब ओरिजिनलसारख्या खोक्यात येणारे डुप्लिकेट फिल्टर बहुधा याच रबरात उघडे पडतात. उत्तम कागद आणि कडक रबर यापेक्षा साधा कागद आणि घट्ट बसणारं रबर केव्हाही परवडलं, कारण कडेच्या फटीतून जाणारी हवा गाळलीच जात नाही.

गाडी खरोखरच धुळीत राबत असेल तर फिल्टरच्या आधी चक्री प्री-क्लीनर बसवण्यात शहाणपण आहे. तो हवेला गरगर फिरवतो, जड कण बाहेर फेकले जातात आणि फिल्टरचं आयुष्य वाढतं. डब्याच्या तळाशी रबरी चोच असेल तर तिच्यातून ही धूळ खाली पडते. ती चोच फाटली किंवा चिखलाने बंद झाली की सगळं मुसळ केरात. स्नॉर्कल, म्हणजे हवा छताच्या उंचीवरून ओढणारा पाइप, जो गुरखाला कंपनीकडूनच मिळतो, तो पाण्यापेक्षा धुळीसाठी जास्त दिवस उपयोगी पडतो, कारण छताच्या उंचीवर चाकांजवळच्या मानाने धूळ कमी असते. फक्त त्याचे सांधे हवाबंद असायला हवेत.

बदलायचा केव्हा? किलोमीटर हे माप डांबरी रस्त्यासाठी ठीक आहे. डब्यावर दाबदर्शक असेल तर तो लाल होईपर्यंत थांबा. नसेल तर धुळीच्या प्रत्येक मोठ्या फेरीनंतर फिल्टर बघा, पण बघणं म्हणजे झटकणं नव्हे. टायरवर आपटल्याने कडेचा गोंद सुटतो. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरचा दाब १०० पीएसआयच्या वर असतो, तो कागदाला सोसत नाही. अडचणीच्या वेळी हवा मारायचीच असेल तर दाब ३० पीएसआयच्या आत ठेवा, नळी लांब धरा आणि आतून बाहेर मारा. मग अंधारात आतून बल्ब लावून बघा. कुठे प्रकाशाचा ठिपका दिसला तर तो फिल्टर फेकून द्या. पाण्यात भिजलेला कागदी फिल्टर वाळवून वापरू नका.

बसवताना इंजिन बंद आणि थंड हवं. डबा उघडण्याआधी बाहेरून पुसा. फिल्टर हळू उचला, इंजिनाकडच्या पाइपात स्वच्छ फडकं कोंबा, डबा ओलसर कापडाने पुसा. इथे हवा मारली तर धूळ नको तिथे जाते. रबर बसतं ती खाच बोटाने साफ करा. फडकं काढायला विसरू नका. झाकणाच्या क्लिपा सहज लागायला हव्यात. जोर लावावा लागला तर फिल्टर चुकीचा आहे किंवा तिरका बसलाय.

झाकण लावण्याआधी स्वच्छ बाजूच्या पाइपात, सेन्सरपासून दूर, ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवून ठेवा. धुळीत शंभरेक किलोमीटर झाले की पुन्हा उघडून बघा. ग्रीसवर एकाच बाजूला धुळीची रेघ उमटली असेल तर फट कडेच्या रबरात किंवा झाकणात आहे आणि रेघ तिच्याकडेच बोट दाखवते. सगळीकडे सारखा लालसर थर बसला असेल तर धूळ कागदातूनच येतेय, दुसऱ्या कंपनीचा फिल्टर आणा.