जपानी घराच्या साधेपणामागचा उन्हाळा

कमी विजेत भागणारे घर बांधायचे म्हटले की जपानी धाटणीचा विषय हल्ली हमखास निघतो. सरकती दारे, उघडे लाकूड आणि मोजके सामान ही तिची लक्षणे सौंदर्यदृष्टीच्या खात्यात टाकली जातात. मुळात तो बराचसा उन्हाळ्यावर काढलेला तोडगा होता. चौदाव्या शतकातल्या योशिदा केन्को या भिक्षूने लिहून ठेवले आहे की, घर बांधावे ते उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून, कारण हिवाळ्यात माणूस कुठेही राहू शकतो.

क्योतोचा उन्हाळा दमट असतो. म्हणून तिथल्या घराचा भार खांबांवर असे, जमीन उचललेली असे आणि शोजी, म्हणजे कागद लावलेली सरकती दारे, बाजूला सारताच वारा आरपार जाई. क्योतोच्या अक्षांशावर जूनअखेरीस मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ७८ अंशांवर असतो आणि डिसेंबरअखेरीस ३२ अंशांच्या आतच राहतो. त्यामुळे पुढे आलेले छप्पर उन्हाळ्यातले ऊन अडवते आणि हिवाळ्यातले ऊन एंगावावर, म्हणजे आपल्या ओसरीसारख्या लाकडी पट्ट्यावर, येऊ देते. थंडीत मात्र घराऐवजी माणसालाच ऊब दिली जाई, कोळशाच्या शेगडीने किंवा कोतात्सुने, म्हणजे खाली शेगडी ठेवून वर रजई पांघरलेल्या बुटक्या मेजाने. इंधन वाचे, पण घर गारठलेलेच राही.

या घराची शास्त्रीय तपासणी करणाऱ्यांत क्योतो विद्यापीठातले वास्तुविशारद फुजिई कोजी यांचे नाव अग्रभागी येते. तापमान, आर्द्रता आणि हवेची हालचाल मोजत त्यांनी स्वतःसाठी एकामागून एक प्रायोगिक घरे बांधली. त्यांतले पाचवे घर, ओयामाझाकी येथील 'चोचिकुक्यो', १९२८ मध्ये पूर्ण झाले. पश्चिमेकडच्या उतारावरची गार हवा जमिनीखालच्या नळातून बैठकीत येते; नळाचे तोंड शेजारच्या उंचावलेल्या, तातामी म्हणजे गवती चटया अंथरलेल्या कोनाड्याच्या पायरीत आहे, तर तापलेली हवा छतातल्या झरोक्यांतून माळ्यावर निघून जाते. हा कोनाडा उचलण्यामागे आणखी एक हेतू होता: खाली बसलेल्याची आणि खुर्चीवर बसलेल्याची नजर एका पातळीवर यावी. एकाच पायरीत हवा आणि शिष्टाचार दोन्ही सांभाळणारी ही योजना मला त्या घराचे सार वाटते. २०१७ मध्ये जपानने ही वास्तू महत्त्वाची सांस्कृतिक संपदा म्हणून जाहीर केली.

जपानमधल्या अनुभवाचा एक धागा भारतातही आला. १९१९ पासून जपानमध्ये काम केलेले वास्तुविशारद अँटोनिन रेमंड यांनी पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमासाठी 'गोलकोंड' हे वसतिगृह उभारले. तिथे बाहेरच्या भिंतींऐवजी हलवता येणाऱ्या आडव्या झडपा आहेत आणि खोल्यांना सरकती दारे आहेत. गारठ्याचा प्रश्नच नसल्याने उघडे घर तिथे निर्वेध चालले.

जपानमध्ये तो प्रश्न उरलाच, किंबहुना वाढला. युद्धोत्तर काळात ॲल्युमिनियमच्या चौकटी आणि वातानुकूलन यंत्रे आली, छपरांच्या कडा आखडल्या, पण भिंतींत उष्णतारोधक थर बेताचाच राहिला. जुन्या घराचा वारा गेला आणि नव्या घराची ऊब आली नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर १९७९ मध्ये ऊर्जाबचतीचा कायदा झाला, १९८० मध्ये घरांसाठी निकष ठरले आणि १९९९ मध्ये ते कडक करण्यात आले. ते पाळणे मात्र दीर्घकाळ ऐच्छिकच होते. २००९ मध्ये कामाकुरा येथे वास्तुविशारद मोरी मिवा यांनी जर्मन 'पॅसिव्ह हाउस' मानकानुसार, म्हणजे जाड उष्णतारोधक थराचे आणि हवाबंद असे, घर बांधले. अशा बंदिस्त घरात आत शिरलेले ऊन सहजी बाहेर जात नाही, त्यामुळे छपराची कड आणि खिडकीबाहेरचा पडदा यांचे महत्त्व उलट वाढले.

एप्रिल २०२५ पासून जपानमध्ये नव्या घरांनाही ऊर्जानिकष बंधनकारक झाले आहेत. मातीच्या भिंतींची पारंपरिक घरे त्यांत बसेनात, म्हणून 'हवामान व स्थानिक परिस्थितीशी जुळवून घेतलेली घरे' असा वेगळा वर्ग करून त्यांना भिंती-छपरांच्या उष्णतारोधनाच्या अटीतून सूट देण्यात आली आहे.