परिसर-उद्यान देखभाल (बडोदे)

कारखाना, कार्यालयीन संकुल, रुग्णालय, मॉल, मोठी गृहसंस्था किंवा पार्टी प्लॉट (लग्न-समारंभांना भाड्याने मिळणारे मोकळे मैदान) यांच्या आवारातील हिरवळ, झाडे, कुंपणाची रोपे, पायवाटा आणि पाण्याचा निचरा वर्षभर राखण्याचे, बहुधा कंत्राटाने चालणारे काम. बाग आखून उभी करणे हे वेगळे काम आणि ती टिकवणे हे वेगळे. पहिल्यासाठी हात सैल सोडला जातो, दुसऱ्यासाठी आखडता घेतला जातो. म्हणूनच उद्घाटनाला हिरवेगार असलेले आवार दुसऱ्या उन्हाळ्यात पिवळे पडलेले दिसते.

बडोद्याला आखीव बागांची परंपरा जुनी आहे. महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या काळात विश्वामित्री नदीच्या काठी १८७९ मध्ये सयाजीबाग उभी राहिली. गावातली मराठी माणसे तिला आजही कमाटीबागच म्हणतात. लक्ष्मीविलास राजवाड्याभोवतीचा परिसर लंडनच्या क्यू उद्यानात काम केलेल्या विल्यम गोल्डरिंग यांनी आखला. बंगळूरच्या लालबागेमुळे प्रसिद्ध झालेले जर्मन उद्यानतज्ज्ञ गुस्ताव हर्मन क्रुम्बिगल त्याआधी बडोदे संस्थानच्या नोकरीत होते. या बागांमागे दरबारचा पगारी माळी-वर्ग होता. आजच्या मकरपुऱ्यातल्या कारखान्याकडे किंवा अलकापुरीतल्या कार्यालयाकडे तो नसतो. तिथे कंत्राटदार असतो आणि त्याच्याकडून काम करून घेणारा व्यवस्थापक.

या व्यवस्थापकाने सर्वांत आधी ओळखायची गोष्ट म्हणजे पायाखालची जमीन. बडोद्याच्या परिसरात चिकण काळी माती बरीच आढळते. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या हालचालीने पायवाटेचे ब्लॉक वर येतात, जमिनीखालच्या नळांचे सांधे निखळतात. पाणी खाली मुरायला वेळ लागत असल्याने श्रावणात हिरवळीवर डबकी साचतात आणि मुळे कुजतात. हिरवळ लावण्यापूर्वी २०-३० सेंटिमीटर माती खणून तिच्यात वाळू आणि कुजलेले शेणखत मिसळणे व जमिनीला हलका उतार देणे एवढे केले तरी पुढचा निम्मा त्रास वाचतो. नव्या इमारतीत नेमके इथेच काटकसर होते. बांधकामाचा राडारोडा तसाच ठेवून वर चार बोटे लाल माती पसरतात आणि त्यावर हिरवळीचे गालिचे अंथरतात. महिनाभर ते छान दिसतात.

दुसरी गोष्ट पाणी. वर्षाचा साधारण ९०० मिलिमीटर पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये पडतो आणि मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. अशा उन्हात हिरवळीला रोज ५ ते ६ मिलिमीटर पाणी लागते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर; तेव्हा हजार चौरस मीटर हिरवळीला दिवसाला पाच-सहा हजार लिटर, म्हणजे छोटा टँकरभर पाणी. हा गुणाकार हिरवळीचा आकार ठरवण्याआधी करायचा असतो, तो टँकरचे बिल आल्यावर होतो. त्याच हजार चौरस मीटरच्या छतावर वर्षाला सुमारे नऊ लाख लिटर पाऊस पडतो. त्यातला काही भाग गाळणीतून शोषखड्ड्यात उतरवला तर बोअरला आधार मिळतो.

अनेक कारखान्यांत आणि संकुलांत प्रक्रिया केलेले सांडपाणी बागेला देतात. ते योग्यच, पण त्यातील क्षार तपासून घ्यावे लागतात. सोडियम जास्त असेल तर काळ्या मातीचे कण सुटे होतात, माती वरून घट्ट बसते आणि पाणी मुरेनासे होते. जिप्समने ती सुधारता येते. पाण्याची तपासणी मात्र आधी हवी.

हिरवळीसाठी हरळीच्या निवडक जाती सर्वाधिक वापरल्या जातात. त्यांना दिवसभर ऊन लागते. झाडाखाली त्या विरळ होत जातात, आणि दर वर्षी तिथे नवे गालिचे लावणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. सावलीत स्पायडर लिली, मनीप्लांट अशी रोपे पसरू द्यावीत. हिरवळ कापताना गवताच्या पात्याच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक भाग एका वेळी काढत नाहीत. पावसाळ्यात सात-दहा दिवसांनी कापणी लागते, थंडीत वाढ मंदावते. हिरवळीत लव्हाळा शिरला की वरून उपटून काही होत नाही. जमिनीतली गाठ राहिली की तो पुन्हा उगवतो. खुरप्याने गाठीसकट काढणारा माळी आणि नुसते पाते ओढणारा माळी यांच्यातला फरक पंधरा दिवसांत कळतो.

झाडांच्या निवडीत फॅशनने बरेच नुकसान केले आहे. झटपट हिरवी भिंत मिळते म्हणून कोनोकार्पस हे परदेशी झाड रांगांनी लावले गेले. मुळे नळांत आणि गटारांत शिरतात, परागकणांचा त्रास होतो, या कारणांनी गुजरात शासनाने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. गुलमोहर सुंदर, पण ठिसूळ. वाहनतळावर त्याची फांदी वादळात कोसळली की भरपाईचा वाद सुरू होतो. कडुनिंब, करंज, बकुळ ही इथली भरवशाची झाडे. बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतण्याची खोड सर्वत्र आहे. दिल्लीबाबत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी सोडायला सांगितले होते, आणि आळ्याचे हे माप कुठेही पाळण्यासारखे आहे.

वर्षाचे वेळापत्रक नुसत्या ऋतूंवर बसत नाही, सणांवरही बसते. मे महिन्यात गटारे उपसणे आणि वाळक्या फांद्या उतरवणे, पहिला चांगला पाऊस झाल्यावर लागवड, हे सरळ आहे. पण नवरात्रात आवारातल्या मैदानावर नऊ रात्री गरबा होतो. पावसाने मऊ झालेली काळी माती हजारो पावलांनी विटेसारखी दाबली जाते. नंतर काटेरी रोलर फिरवून किंवा कुदळीच्या टोकाने भोके पाडून वाळू भरावी लागते. पार्टी प्लॉटवर लग्नसराईत गालिचा दोन-तीन दिवस अंथरलेला राहिला की खालचे गवत पिवळे पडते. आणि उत्तरायणाच्या पतंगबाजीनंतर, १४ जानेवारी उलटली की झाडांत अडकलेला मांजा काढण्याचे काम असते. ते करारात कोणी लिहीत नाही. पक्षी त्यात लोंबकळून मरतात आणि शिडीवर चढलेल्या माळ्याचे बोट कापले जाते, म्हणून ते लिहावे, हातमोज्यांसकट.

करारात ‘माळी तीन, रोज आठ तास’ एवढेच असले की हजेरीपत्रक भरलेले राहते आणि आळी कोरडी. त्यापेक्षा कामाचा दर्जा लिहावा: हिरवळ किती उंच, छाटणी कधी, खत कोणाच्या खर्चाने, मेलेले रोप किती दिवसांत बदलायचे, छाटलेला पाला कंपोस्टला की बाहेर. इथल्या बागकामावर दाहोद-पंचमहालकडचे मजूर बरेच असतात. त्यांचे वेतन कंत्राटदाराने थकवले तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आले आहे. स्वस्त निविदेचा आनंद त्यामुळे जपून घ्यावा. गावातल्या मराठी गृहसंस्थांत सेक्रेटरी कागद मराठीत लिहितो आणि माळ्याशी गुजरातीत बोलतो. कामाची यादी मात्र माळ्याला वाचता येईल अशाच लिपीत टांगलेली बरी.

विश्वामित्रीजवळच्या आवारांना पुराचा वेगळा विचार करावा लागतो. ३१ जुलै २०१९ रोजी शहरात एका दिवसात ४०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये नदी पुन्हा वस्तीत शिरली. पाण्याबरोबर मगरी आवारात येतात. मगर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत असल्याने तिला हुसकावण्याचा उद्योग माळ्याने किंवा पहारेकऱ्याने करायचा नसतो, वन विभागाला कळवायचे असते. पूर ओसरल्यावर गाळाचा थर हिरवळीवर वाळण्याआधी खरवडावा. वाळला की तो गवताचा श्वास कोंडतो. पंपाची मोटर आणि ठिबकचे नियंत्रक पुराच्या खुणेच्या वर बसवणे हा एकदाच होणारा खर्च आहे.

कंत्राटदार बदलताना जमिनीखालच्या नळांचा, व्हॉल्व्हचा आणि विजेच्या तारांचा नकाशा सहीनिशी ताब्यात घ्यावा लागतो. तो नसेल तर नवा माणूस पहिल्याच आठवड्यात कुदळ नळावर घालतो.